कपाटातला नवरा

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर, हवामान आणि हरवले-सापडले यांच्या मधोमध, वाचकांनी पाठवलेल्या हास्यचित्रासाठी एक चौकोन राखून ठेवलेला असे. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता आरेखकाची नजर त्या चौकोनावर पडली आणि त्याच्या मनात आलं, यापेक्षा बरं तर आपणही काढू. मनात आलेलं मनातच ठेवण्याबद्दल हा माणूस प्रसिद्ध होता. त्या दिवशी मात्र तो ते मोठ्याने बोलून बसला.

"मग काढा," बायको म्हणाली.

(तिने 'राहू द्या' म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्याचं आजही मत आहे.)

हा आरेखक पाणीपुरवठा खात्यात होता. जमिनीखालून कोणता नळ कुठून कुठे जातो, याचे नकाशे काढायचे, हे त्याचं काम. चोवीस वर्षं तो तेच करत आला होता. त्याची रेघ अशी सरळ यायची की खात्यात सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत आणि त्यालाही ते कौतुकच वाटे. पण नळाचा नकाशा पाहून आजवर कोणी हसलेलं नव्हतं. एकदा एक ठेकेदार हसला होता, पण तो नकाशा चुकला म्हणून.

आणि खरं सांगायचं तर त्याला साऱ्या जगाला हसवायचं नव्हतंच. हसवायचं होतं ते एकाच माणसाला. त्याची बायको मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसे. सकाळी सातपासून "एक्स-रे कुठे?", "डावीकडे", "डॉक्टर कधी?", "अकराला", असं करता करता तिची उत्तरं घरीही दोन शब्दांच्या वर जाईनाशी झाली होती. बाई प्रेमळ होती, पण हसायची मात्र हिशेबात. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्या काळात त्याने सांगितलेल्या विनोदांना तिच्याकडून मिळालेली सर्वांत मोठी दाद म्हणजे "बरं."

तर त्याने चित्र काढलं. कल्पना त्याला स्वतःच्याच घरातून सुचली. त्या वेळी आईचा रेडिओ मोठ्याने चालू होता, कपडे धुण्याचं यंत्र धडधडत होतं, वरच्या मजल्यावर कोणी तरी फर्निचर सरकवत होतं आणि पेपरातली एक ओळ त्याने चौथ्यांदा वाचली होती. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शांतपणे पेपर वाचता यावा म्हणून एक नवरा कपड्यांच्या कपाटात जाऊन बसलाय, बायको दार उघडते आणि तो म्हणतो, "इथे तरी शांतता आहे." स्वतःशीच हसत त्याने ते चित्र दुपारपर्यंत पूर्ण केलं आणि साप्ताहिकाच्या संपादकांना पाठवून दिलं.

सोमवारी संपादकांचा फोन आला. माणूस शांत होता, बोलणं सौम्य. ते म्हणाले, तुमची रेघ फार स्वच्छ आहे, आणि या आठवड्यात आमच्याकडे दुसरं काही आलेलंही नाही. पण आमचं साप्ताहिक घराघरांत वाचलं जातं. असला विषय आम्ही छापत नाही.

असला म्हणजे कसला, हे आरेखकाला कळेना. ऑफिसात त्याने चित्र साहेबांना दाखवलं. साहेबांनी ते बराच वेळ पाहिलं, केबिनचं दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, हवी तर चार दिवस रजा घ्या. तो आणखीच बुचकळ्यात पडला. शेवटी संध्याकाळी त्याने चित्र बायकोसमोर ठेवलं.

तिने एकदा पाहिलं. "हा नवरा वाटत नाही," ती म्हणाली.

"मग कोण वाटतो?"

"नवरा घरी आल्यावर कपाटात लपतो, तो."

आरेखकाचे कान लाल झाले. चोवीस वर्षं पाण्याचे नळ काढणाऱ्या सभ्य माणसाने आपल्या हातून हे काय काढलं, म्हणून तो रात्रभर तळमळला आणि मंगळवारी पहाटे उठून दुरुस्तीला बसला.

कपाटातला माणूस नवराच आहे, हे पटवायचं होतं. त्याने भिंतीवर त्या दोघांचा लग्नातला फोटो टांगला. तेवढ्याने भागेना म्हणून कपाटातल्या माणसाकडे एक बाण काढला आणि बाणाच्या शेपटाशी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नवरा'. मग सवयीने उजव्या कोपऱ्यात खाली 'प्रमाण १:२०' असंही लिहून टाकलं. (ते त्याच्या लक्षात आलं नाही. संपादकांच्या आलं.)

संपादकांनी पुन्हा फोन केला. त्यांना एकच शंका होती: कपाटात बसलेला, फोटोतला नवरा, फोटोतली नवरी आणि दार उघडणारी बाई, हे चौघं सख्खी भावंडं आहेत का? आरेखकाने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला चेहरा एकच काढता येतो. संपादक म्हणाले, ठीक आहे, फोटो काढून टाका, बाण काढून टाका, बाईला निदान केस द्या. आणि दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे ती ओळ. चित्रातच कळतंय की त्याला शांतता हवीय, मग तेच तो तोंडाने कशाला सांगतोय? दुसरी म्हणजे तो माणूस कपाटात बसलाय असं वाटत नाही, कुणी तरी त्याला काटकोनात वाकवून आत बसवलंय असं वाटतं. गुरुवारी पाच वाजता छपाईसाठी पान लागतं, त्याच्या आत दोन्ही जमवा.

दुसरी गोष्ट आरेखकाच्या मनाला लागली, कारण ती खरी होती. माणसाचा गुडघा त्याने नळाच्या काटकोनी वळणासारखाच काढला होता. गुडघा अवघड, म्हणून आधी ओळीकडे वळावं, असं त्याने ठरवलं. मंगळवार संध्याकाळ आणि अख्खा बुधवार त्याने ओळी लिहिल्या. एकूण अडतीस झाल्या. त्यांतल्या बऱ्याच त्याला लिहिताना भन्नाट वाटत आणि वाचताना शोकसभेतल्या वाटत.

शेवटी त्याने आईचं मत घ्यायचं ठरवलं. आई सत्त्याहत्तर वर्षांची, ऐकायला जरा कमी, पण बुद्धी तल्लख. तिने चष्मा लावून चित्र निरखलं आणि हा कोण, असं विचारलं. नवरा, असं उत्तर मिळाल्यावर तो कपाटात कशाला बसलाय, अशी चौकशी केली. शांतता हवी म्हणून, हे समजल्यावर ती म्हणाली, "मग गच्चीवर का नाही गेला?"

हा प्रश्न आरेखकाला सुचलाच नव्हता.

"गच्ची नाहीये त्यांच्या घराला," तो म्हणाला.

"अरेरे," आई म्हणाली आणि थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. "जेवला का रे तो?"

रात्री झोपेपर्यंत ती त्या माणसाबद्दल काळजीने विचारत होती. निघाला का तो बाहेर, बायको समजूतदार आहे का, मुलंबाळं किती. विनोद मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

गुरुवारी आरेखकाने अर्धा दिवस रजा काढली. एक वाजता जेवून तो टेबलाशी बसला. गुडघा काही केल्या जमेना. खुर्चीत बसून बघितलं, जमिनीवर बसून बघितलं, पलंगाखाली शिरून बघितलं. आणि मग, कोणाच्याही मनात सहज यावा तसा विचार त्याच्या मनात आला, की कपाटात माणूस कसा बसतो हे कपाटात बसल्याशिवाय कळणार कसं?

झोपायच्या खोलीतलं कपाट लाकडी, जुनं आणि भक्कम होतं. वर कपडे टांगायला दांडी, खाली पांघरुणं. त्याने पांघरुणं एका बाजूला सारली, पेपर, पेन्सिल आणि टॉर्च घेतला आणि पाठमोरा आत शिरला. दोन मिनिटांचं काम होतं. हनुवटी गुडघ्याला लागली, पेपर आपोआप छातीशी आला आणि हाताचा कोपर कुठे जातो हे त्याला पहिल्यांदाच कळलं. अगदी खरं कळावं म्हणून त्याने दार जरासं पुढे ओढलं.

खटका बसला.

(कपाट बनवणाऱ्याने आतून मूठ ठेवली नव्हती. त्याला तरी दोष कसा द्यायचा? कपड्यांना बाहेर यायची घाई कधी असते?)

आधी तो घाबरला नाही. त्याने दारावर टकटक केलं. मग ठोकलं. मग हाका मारल्या. बाहेरच्या खोलीत आई स्वतःशीच बोलली, की वरच्या मजल्यावरच्यांना दुपारीसुद्धा चैन नाही, आणि तिने रेडिओ मोठा केला. बायको साडेतीनशिवाय येणार नव्हती. टॉर्चच्या उजेडात त्याने घड्याळ पाहिलं तर पावणेदोन झाले होते. पाचला पान लागणार, चित्र टेबलावर, आणि चित्रकार पांघरुणांत.

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. आई फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोले, त्यामुळे पलीकडचा माणूस सगळ्या घराशी बोलत असे. संपादक होते. आरेखक जिवाच्या आकांताने ओरडला आणि या वेळी तो आवाज आईच्या कानापर्यंत पोचला. हातात फोन घेऊन ती आवाजाच्या मागावर झोपायच्या खोलीत आली.

"आहेत का ते?" संपादकांनी विचारलं.

आईने खोलीभर नजर फिरवली, कपाटाला कान लावला. "आहे ना. कपाटात आहे."

"ते मला माहीत आहे," संपादक शांतपणे म्हणाले. "सोमवारपासून मी त्यालाच बघतोय. पण तो म्हणतोय काय, ते ठरलं का?"

आईने कपाटाकडे तोंड केलं. "अरे, ते विचारतायत, तू म्हणतोयस काय?"

"दार उघड," आतून आवाज आला.

"तो म्हणतोय, दार उघड."

पलीकडे लिहून घेतल्याची शांतता पसरली. मग संपादक म्हणाले, "नाही. दार तर चित्रात उघडलेलंच आहे."

आईने ते इमानेइतबारे आत कळवलं.

"उघडलेलं नाहीये! त्यांना सांग, मी खरंच अडकलोय."

"म्हणतोय, मी खरंच अडकलोय."

"हं. हे आधीच्यापेक्षा बरं आहे. म्हणजे कपाटातही अडकलोय आणि संसारातही, असे दोन अर्थ निघतात. पण जरा जुनं वाटतं. आणखी काही?"

"आणखी काही आहे का, विचारतायत."

कपाटातून क्षीण आवाज आला, की पाय बधिर झालाय आणि नाकात डांबरगोळीचा वास बसलाय.

आईने तेही सांगितलं. संपादकांनी विचार केला. "डांबरगोळी चांगली आहे," ते म्हणाले, "पण पायाचं नको, गंभीर होतंय. हसरं काही तरी बघायला सांगा. पाच वाजता पान लागतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

आता आई कामाला लागली. तिने दाराची मूठ धरली, मुलाने आतून सांगितलं तशी डावीकडे फिरवली, मग उजवीकडे फिरवली, मग स्वतःच्या मताने ओढली. मूठ तिच्या हातात आली. "निघाली," ती समाधानाने म्हणाली. दार तसंच होतं. मूठ हरवू नये म्हणून तिने ती चष्म्याच्या पेटीत ठेवली. शेजाऱ्यांना बोलावू का, असं तिने विचारलं, पण आरेखक नको म्हणाला. शेजारच्यांना कळलं तर तासाभरात सगळ्या इमारतीला कळणार, उद्या ऑफिसला कळणार, आणि साहेबांना तर सोमवारपासून संशय होताच.

मग आईने खुर्ची आणून कपाटाशेजारी ठेवली आणि बसली. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "म्हणजे तो माणूस तूच होय? आधीच सांगायचंस ना. मी उगाच त्याला मनातल्या मनात नावं ठेवत होते."

मग मुलाला आत करमत नसेल अशा समजुतीने तिने रेडिओ आणला, दाराला टेकवून ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. पुढचा तास-सव्वा तास आरेखकाने शेतीमालाचे भाव, नाट्यगीतं आणि लहान मुलांच्या आहारावर एक भाषण ऐकलं. शांतता मिळावी म्हणून माणसाने कपाटात बसावं, ही कल्पना मुळातच खोटी होती, असं त्याला वाटू लागलं. संपादकांना ते दिसलं नव्हतं. त्याला ते आता अगदी जवळून दिसत होतं.

साडेतीनला बायको आली. सासूबाईंनी रेडिओ बंद करून घडलेलं सगळं सांगितलं. बायकोने "कधीपासून?" एवढंच विचारलं आणि "पावणेदोन" हे उत्तर ऐकून स्वयंपाकघरातून पक्कड आणली. मूठ निघालेल्या जागी लोखंडाचा एक तुकडा बाहेर आला होता. तो पकडीत धरून तिने हलकेच फिरवला. दार उघडलं.

आत तिचा नवरा होता. गुडघे कानाशी, टॉर्च दातांत, पेपर छातीशी, डोक्यावर तिचा हिवाळी कोट आणि शर्टाला शर्टाहून जास्त सुरकुत्या. तिने त्याच्याकडे, खिडकीपुढे आलेल्या माणसाकडे बघावं तसं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चुरगळलेलं काही या कपाटात ठेवायचं नाही," ती म्हणाली, "किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

आरेखकाच्या तोंडातून टॉर्च पडला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंत तुम्ही."

ऐकलं होतंच. अडतीस ओळी लिहून जे सापडलं नव्हतं, ते हिने हातात पक्कड धरून, चप्पलसुद्धा न काढता बोलून टाकलं होतं. त्याच्या पोटातून हसू वर यायला लागलं. त्या भरात तो उठायला गेला, पण एक पाय त्याचा नव्हताच. तो पांघरुणांसकट, कोटासकट, हँगरसकट बाहेर येऊन पडला. बायकोने लागलं का, असं विचारलं. तो पांघरुणाखालून सांगत होता, की हीच ओळ, हीच ओळ, आणि तिला कळेना कसली ओळ. ती तर खरंच सांगत होती. कालच तिने इस्त्री करून ठेवले होते सगळे कपडे.

आणि मग ती हसली. पलंगाच्या कडेवर बसून, चष्मा काढून, पोट धरून, मिनिटभर तरी. बावीस वर्षं तो ज्याची वाट पाहत होता ते घडत होतं आणि त्या वेळी त्याचं डोकं दोन पांघरुणांत गुंडाळलेलं असल्यामुळे त्याला ते नुसतं ऐकूच आलं. तो धडपडून बाहेर आला तोवर ती चहा टाकायला गेली होती.

पण त्याला त्याचं दुःख वाटलं नाही. त्याने चित्र नव्याने काढलं. आता गुडघ्याबद्दल त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोपर कुठे जातो, कोट कसा डोक्यावर येतो, शर्ट कुठे चुरगळतो, सगळं अंगाला माहीत होतं. बाईलाही या वेळी तिचा स्वतःचा चेहरा मिळाला. आयुष्यातला त्याचा दुसरा चेहरा. खाली त्याने बायकोची ओळ लिहिली आणि पाचला दहा कमी असताना चित्र रवाना केलं. तीनच मिनिटांनी संपादकांचा फोन आला. ते हसत होते. ओळ कोणाची, असं त्यांनी विचारलं. बायकोची, असं त्याने अभिमानाने सांगितलं. वाटलंच, असं म्हणून, रविवारी छापतो, असा शब्द त्यांनी दिला.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आरेखक दारात उभा होता. त्याने सहा प्रती घेतल्या: एक घरी, एक साहेबांना, चार असाव्यात म्हणून. चहा झाला, बायको आणि आई समोर बसल्या आणि त्याने शेवटचं पान उघडलं.

चौकोन जागेवर होता, पण नेहमीपेक्षा निम्म्याहून लहान. त्यात चित्र नव्हतं. बायकोची ओळ होती, मोठ्या ठळक अक्षरांत, आणि तिच्या वर बारीक टायपात कंसात लिहिलं होतं: (नवरा कपाटात बसला आहे. बायको दार उघडते.) पाच दिवसांची त्याची सगळी चित्रकला सात शब्दांत बसली होती.

त्याने तिथल्या तिथे संपादकांना फोन लावला. ते नेहमीसारखेच सौम्य होते. ते म्हणाले, चित्र उत्तमच होतं, विशेषतः गुडघे. पण ओळ अशी आहे, की ती वाचली की चित्र आपोआप डोळ्यांपुढे येतं. मग तेच पुन्हा शेजारी कशाला छापायचं? शिवाय वाचलेल्या जागेत हवामान जरा ऐसपैस देता आलं. आणि हो, बाईंना आणखी काही सुचलं तर जरूर कळवा.

आरेखकाने फोन ठेवला. बायकोने पेपर ओढून घेतला, वाचला आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, गुडघे मलाही आवडले होते. तेवढ्यात आईने चष्मा लावून पेपर जवळ धरला. एकदा वाचलं. परत वाचलं. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

"आज कळला बघ विनोद," पदराने डोळे पुसत ती मुलाला म्हणाली. "इतके दिवस मधे ते चित्र येत होतं."